बॉनेट नसलेल्या गाडीचं किट: १/२५ स्लिंगशॉट ड्रॅगस्टर

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही ते सुटतील. हे प्लास्टिकचे भाग जोडून करायच्या मॉडेल गाडीचं किट आहे, खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाचं. इंजिन करायला आवडत असेल तर जरूर घ्या. चकचकीत रंग मारून आठवड्याभरात कपाटात ठेवायची गाडी हवी असेल, तर या डब्याच्या वाटेला जाऊ नका. मला चार महिने लागले आणि त्यातला महिना-दीड महिना माझ्याच चुका निस्तरण्यात गेला.

कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की नावावरून भांडणं होतात आणि किट बाजूला राहतं. शिवाय जुन्या साच्यांतून पुन्हा पुन्हा निघणारी ही रेल ड्रॅगस्टरची, म्हणजे सरळ रेषेत शर्यत करणाऱ्या लांबलचक गाड्यांची, किटं बरीचशी एका माळेचे मणी असतात. एकाबद्दल लिहिलं की बाकीच्यांना निम्मं तरी लागू पडतंच.

गाडी आहे साठच्या दशकाच्या मध्यातली अमेरिकन रेल. नळ्यांचा लांबलचक सांगाडा, त्यात उघडंवाघडं इंजिन, पुढे सायकलसारखी दोन किडमिडी चाकं, मागे दोन रुंद, खाचा नसलेले स्लिक टायर आणि त्या टायरांच्याही मागे ड्रायव्हर. गलोलीच्या कातड्यात खडा बसतो तसा तो मागच्या आसापलीकडे बसलेला असतो, म्हणून स्लिंगशॉट. धावायचं अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट. वळण नाही, काही नाही. नाकासमोर जायचं आणि मागची पॅराशूटची छत्री उघडून थांबायचं.

नेहमीच्या मोटारीचं किट करताना बॉडी आपली अब्रू राखते. इंजिन जेमतेम जमलं तरी बॉनेट बंद केलं की झालं. खालच्या बाजूला गोंदाचा ओघळ राहिला तर गाडी उलटी करून बघतो कोण? इथे ती सोय नाही. बॉडी म्हणून जे आहे ते ड्रायव्हरच्या पुढे एक काउल, म्हणजे झाकणाचा तुकडा, आणि मागे एक शेपूट, बाकी सगळं चव्हाट्यावर. म्हणून या किटचं परीक्षण म्हणजे मुख्यतः इंजिनाचं आणि नळ्यांचं परीक्षण आहे, आणि मी तेच करणार आहे.

डब्यात सात स्प्रू, म्हणजे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी, त्यांतले दोन क्रोमचे आणि एक पारदर्शक. चार टायर, एक डिकलचा, म्हणजे भिजवून चिकटवायच्या चित्रांचा, कागद, घडीचा सूचनापट. भाग मोजले, ९४ भरले. पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत पट्टी लावली तर १५२ मिलिमीटर. पंचविसाने गुणलं की खऱ्या गाडीत १५० इंच होतात, आणि त्या काळच्या रेलला ते शोभतं. (हल्लीच्या टॉप फ्युएल, म्हणजे सगळ्यांत वेगवान गटातल्या ड्रॅगस्टरचा व्हीलबेस, दोन आसांमधलं अंतर, ३०० इंच असतो. ती याच मापात केली तर दोन आसांतच फूटभर जागा खाईल.) थोडक्यात, साचा करणाऱ्याने लांबीत लबाडी केलेली नाही. ती केली आहे जाडीत.

सांगाड्याच्या मुख्य नळ्यांना व्हर्नियर लावला. २.१ मिलिमीटर. म्हणजे खऱ्या गाडीत ५२ मिलिमीटर, दोन इंचांहून जास्त. खऱ्या गाड्यांच्या नळ्या साधारण दीड इंचाच्या, म्हणजे या मापात दीड मिलिमीटर हव्यात. साच्याची अडचण मला कळते. इतकी लांब आणि बारीक प्लास्टिकची काडी साच्यातून काढताना वाकते, मोडते. पण त्या जाडीमुळे सांगाडा पाण्याच्या पाइपातून जुळवल्यासारखा दिसतो, हेही खरं. त्यात साचा मिटतो तिथली शिवण नळीच्या दोन्ही बाजूंनी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. ती काढायला ब्लेडची धार वापरू नका, पाठ वापरा. पाठीने खरवडलं की नळी गोल राहते, धारेने खरवडलं की चपटी होते. मी खरवडता खरवडताच जाडी १.८ पर्यंत उतरवली आणि तिथे हात आवरता घेतला, कारण मागचा एक आडवा तुकडा मोडलाच. तेवढा पितळी तारेचा केला. ज्यांना हौस आणि सोल्डरिंगचा हात आहे त्यांनी अख्खा सांगाडाच पितळी नळ्यांचा करावा. किटचे भाग माप म्हणून खाली ठेवायचे आणि वर जुळवत जायचं. मी पुढच्या वेळी तेच करणार आहे.

आता इंजिन. इथे किटने मन जिंकलं. इंजिन क्रायस्लरची ३९२ हेमी, म्हणजे अर्धगोल ज्वलनकक्षांचं इंजिन. ३९२ घन इंचांची ही हेमी मोटारींत आली ती १९५७ आणि १९५८ या दोनच वर्षांत, पण ड्रॅगवाल्यांनी तिला पुढे कित्येक वर्षं सोडलं नाही. किटमध्ये व्हॉल्व्ह कव्हरं रुंद आणि बरोबर आकाराची आहेत, त्यांच्या मध्यातून स्पार्क प्लगची चार-चार भोकं आहेत, आणि प्लगना ठिणगीची वीज पुरवणाऱ्या मॅग्नेटोची जागा इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे. हे शेवटचं मी मुद्दाम तपासलं. जुन्या हेमीचा डिस्ट्रिब्युटर, ज्याच्या जागी मॅग्नेटो बसते, मागे असतो, १९६४ साली आलेल्या ४२६ हेमीचा पुढे. कव्हरं एका इंजिनाची आणि मॅग्नेटो दुसऱ्याच्या जागी, अशी खिचडी केलेली मॉडेलं मी पाहिली आहेत. या साच्याच्या मागे ज्याचा हात होता त्याने खरं इंजिन जवळून पाहिलं होतं, असं वाटतं.

इंजिनावर बसतो तो ६-७१ ब्लोअर. हा मुळात जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा हवा कोंबायचा पंप. ६ म्हणजे सहा सिलिंडर, ७१ म्हणजे एकेक सिलिंडर ७१ घन इंचांचा. गाड्या वेगासाठी बदलणाऱ्या हॉट रॉडवाल्यांनी तो ट्रकच्या इंजिनावरून काढून आपल्या इंजिनावर चढवला. किटमध्ये त्याचे दोन अर्धे येतात आणि जोड नेमका उभ्या फासळ्यांच्या मधून जातो. पुट्टी भरून घासायला गेलात तर फासळ्याही घासल्या जातात. मी पुट्टी भरलीच नाही. कडांना पातळ सिमेंट लावून दोन अर्धे एकमेकांवर दाबले, वितळलेलं प्लास्टिक जोडातून केसभर वर आलं, ते दोन दिवस वाळू दिलं आणि ब्लेडच्या टोकाने फासळ्यांमधून तेवढंच उचललं. जोड गेला, फासळ्या राहिल्या. या कामाला एक अख्खी संध्याकाळ गेली आणि अजिबात कंटाळा आला नाही.

वरच्या इंजेक्टरची चार तोंडं बंद आहेत, नुसता उथळ खळगा. ती पोखरलीच पाहिजेत. आधी सुईने मध्य टोचा, मग बारीक ड्रिलने सुरुवात करून दोन मिलिमीटरपर्यंत मोठं करत जा, आत मॅट काळा मारा. एक्झॉस्टच्या आठ नळ्यांचंही तेच. किटमध्ये जमिनीकडे वळलेल्या वीडबर्नर नळ्या आहेत, नंतर आलेल्या वर-मागे वळणाऱ्या झूमी नाहीत. या वर्षांच्या गाडीला वीडबर्नर चालून जातात.

यानंतर मॅग्नेटो. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण इथे माझा धंदा कामाला आला.

मी मोटर वाइंडिंगचं काम करतो. दिवसभर हातात इनॅमलची तांब्याची तार असते, खिशात मायक्रोमीटर. किटमध्ये मॅग्नेटो आहे पण प्लगच्या वायरी नाहीत. ते ठीकच, बहुतेक किटमध्ये नसतात. पण सूचनापटात त्यांचा उल्लेखही नाही, आणि वायरीविना उघडं हेमी इंजिन म्हणजे तारा न ओढलेले विजेचे खांब. म्हणून मी वेगळा तयार संच मागवला. लहानशी मॅग्नेटो, तिला आधीच आठ वायरी जोडलेल्या. कारागिरी सुबक होती. लावून बघितला आणि काहीतरी खटकायला लागलं. इंजिन अचानक खेळण्यातलं वाटायला लागलं. तासभर बघत बसलो, कारण कळेना. मग सवयीने मायक्रोमीटर लावला: ०.४६ मिलिमीटर. गुणिले २५, साडेअकरा मिलिमीटर. खरी प्लग वायर सात मिलिमीटरची असते आणि ही बोटाएवढी जाड!

सात भागिले पंचवीस, ०.२८. आमच्याकडे ३२ गेजची तार ०.२७४ मिलिमीटर. हे बरोब्बर माझ्या फळीवर पडलेलं माप. उठलो, रिळातून हातभर तार कापली आणि स्वतःवर खूश होऊन कामाला लागलो. इनॅमलवर रंग धरत नाही, म्हणून २००० नंबरच्या पॉलिश पेपरमधून तार दोनदा ओढली, प्रायमर मारला, पिवळा मारला, मोजली तर ०.३१. रंगाची जाडी हिशेबात धरली नव्हती. बावीस वर्षं वार्निशच्या थराचा हिशेब करणाऱ्या माणसाने हे विसरावं! मग ३३ गेज घेतली. मुळात ०.२५४, रंगासकट ०.२८ ला टेकली. डोळ्याला ०.३१ आणि ०.२८ मधला फरक दिसतो का? नाही दिसत. पण मला माहीत होता ना.

मॅग्नेटोची टोपी या मापात जेमतेम चार मिलिमीटरची. तिच्यावर गोलाकार आठ भोकं, ०.३ च्या ड्रिलने, पिन व्हाइसमध्ये, म्हणजे ड्रिल धरायच्या छोट्या मुठीत, धरून, बोटांनी. दोन ड्रिलं मोडली. ड्रिल दाबायचं नाही, नुसतं फिरवायचं आणि दर तीन-चार फेऱ्यांनी बाहेर काढून भुसा झटकायचा. दाबलं की मोडतं, आणि मोडलेलं टोक आतच राहतं.

वायरी जोडल्या. टोपीच्या भोकांतून ओळीने चार वायरी डावीकडे, चार उजवीकडे, दोन्ही बाजूंना सारख्या कमानी. घरात सगळ्यांना दाखवलं. रात्री झोपताना उठून बसलो. टोपीवरचा क्रम म्हणजे फायरिंगचा, सिलिंडर पेटण्याचा क्रम. क्रायस्लरच्या या व्ही-८ चा क्रम १-८-४-३-६-५-७-२. डाव्या ओळीत विषम सिलिंडर, उजवीत सम. म्हणजे टोपीभोवती जाताना पहिली वायर डावीकडे, मग दोन उजवीकडे, मग एक डावीकडे, अशा त्या एकमेकींना ओलांडतच जाणार. माझ्या त्या सुंदर कमानींवर खरं इंजिन ठसकासुद्धा देणार नव्हतं. मोटरची कनेक्शनं मी अशी जोडली असती तर गिऱ्हाइकाने दारात उभं केलं नसतं. दुसऱ्या दिवशी सगळं उपसलं, तळहाताएवढ्या कागदावर आकृती काढली आणि नव्याने जोडलं. आता वायरी जरा गुंतलेल्या दिसतात. बघणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना आधीची मांडणीच आवडली असती.

एक उपयोगाची गोष्ट: तांब्याची तार बोटांनी वाकवली की तिला कोन पडतो. जाड दाभणावरून अलगद ओढून घ्या, मग रबरी वायरीसारखी लोंबते. प्लगच्या टोकाला रबरी टोपण दिसण्यासाठी बारीक वायरीचं इन्सुलेशन मिलिमीटरभर कापून आत तार खुपसा.

इंजिन फ्रेममध्ये बसवलं त्या संध्याकाळी मुलगी टेबलाखाली वाकून काहीतरी शोधत होती. विचारलं तर म्हणाली, "बाबा, याचा रेडिएटर खाली पडलाय कुठेतरी." तिने आधीच्या दोन गाड्यांचे रेडिएटर रंगवले होते, त्यामुळे तिला तो नसणं पटेना. सांगितलं, याला रेडिएटर नसतोच. डॉन गार्लिट्स या अमेरिकन ड्रॅगवाल्याने १ ऑगस्ट १९६४ रोजी न्यू जर्सीत ग्रेट मेडोजच्या धावपट्टीवर ताशी २०१.३४ मैलांचा वेग नोंदवला, ती अख्खी धाव ७.७८ सेकंदांची होती. इंजिन उकळेपर्यंत काम संपलेलं असतं, ब्लॉकमधल्या पाण्यावर भागतं. ती म्हणाली, "मग पंखा? मग अल्टरनेटर?" तेही नाही. "मग किट सोपं आहे की!" मी मॅग्नेटोकडे बोट दाखवलं.

पुढे, चाकांच्या मधे, पिंपाच्या आकाराची छोटी इंधनाची टाकी आहे. किटमधली टाकी छान आहे, पण तिच्यापासून इंजिनापर्यंत जाणारी नळी तुम्हालाच करायची आहे. इथे बरेच जण दोऱ्यासारखी बारीक तार ओढतात. इंधन नायट्रोमिथेन आहे हे लक्षात घ्या. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो नायट्रोला १.७ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत आठपटीहून जास्त इंधन ओतावं लागतं. पंपाकडे जाणारी नळी चांगली दणदणीतच हवी. मी एक मिलिमीटरची काळी वाइंडिंग स्लीव्ह वापरली. प्लगच्या वायरी आणि ही नळी यांच्यात जाडीचा फरक ठळक दिसला पाहिजे. सगळ्या वायरी-नळ्या एकाच रिळातल्या असल्या की कितीही डिटेलिंग केलं तरी फुकट जातं. तयार डिटेल संचांबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे.

आता क्रोम. ब्लोअर, इंजेक्टर, कव्हरं, एक्झॉस्ट, पुढची चाकं, टाकी, स्टीअरिंगचे दांडे, सगळं एकाच आरशासारख्या चमकीत. खऱ्या गाडीत कव्हर क्रोमचं, ब्लोअर ओतीव आणि पॉलिश केलेला, दांडे वेगळ्या धातूचे. प्रत्येकाची चमक निराळी. इथे सगळ्याला एकच वर्ख लावलाय, लग्नातल्या मिठाईसारखा. शिवाय भाग स्प्रूपासून तोडला की तोडल्या जागी पांढरा डाग राहतो, आणि क्रोमवर प्लास्टिक सिमेंट धरत नाही ते वेगळंच.

मी सगळं क्रोम उतरवलं. घरातल्या साध्या ब्लीचमध्ये भाग बुडवले, चमक बघता बघता गेली. क्रोम म्हणतात तो खरा अ‍ॅल्युमिनियमचा अतिपातळ थर असतो, ब्लीच त्याला खातं. पण त्याच्याखाली लॅकरचाही एक थर असतो, त्याला ब्लीच हात लावत नाही. मी घाईत त्याच्यावरच प्रायमर मारला. कव्हरांवरच्या बारीक रेघा बुजल्या. मग सगळं पुन्हा ब्रेक ऑइलमध्ये रात्रभर ठेवून, जुन्या टूथब्रशने घासून, साबणाने धुऊन पहिल्यापासून. (ब्लीच पूर्ण धुऊन वाळवल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही रसायनाजवळ नेऊ नका. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.) त्यानंतर गुळगुळीत ग्लॉस काळा आणि वर एअरब्रशने अ‍ॅल्क्लॅड या धातूसारख्या चमकणाऱ्या रंगाचे पातळ हात. कव्हरांना क्रोमची छटा, ब्लोअरला पॉलिश केलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, एक्झॉस्टच्या मुळाशी जळका निळा-तपकिरी. काळा जितका गुळगुळीत तितकी वरची चमक खोल. काळ्यावर धुळीचा एक कण राहिला तर चंदेरीवर तो पुटकुळीसारखा दिसतो.

ब्लीचवरून आठवलं. साठच्या दशकाच्या शेवटी खरे ड्रॅगवालेही धावपट्टीवर ब्लीच ओतून त्यात टायर फिरवायचे. धूर व्हायचा, टायर तापून चिकट व्हायचे. माझ्या टेबलावर मात्र धूर नाही, नुसता वास.

टायर चांगले आहेत. मधोमध साच्याची रेघ आहे, ती घासून काढा आणि घासता घासता सगळा पृष्ठभागच मळका करा, नवाकोरा काळा स्लिक विचित्र दिसतो. एकच धोका: व्हिनाइलमधलं प्लॅस्टिसायझर हळूहळू पॉलिस्टायरीनला वितळवतं, दोन-चार वर्षांनी चाक टायरमध्ये रुतलेलं सापडतं. रिमवर फॉइलचा पट्टा गुंडाळून मग टायर चढवा.

काउल आणि शेपटीला मी कँडी लाल दिला, म्हणजे चंदेरीवर पारदर्शक लाल. कँडीचा प्रत्येक हात रंग गडद करत जातो. काउलला पाच हात बसले, शेपटीला चार, कारण चौथ्या हाताच्या वेळी शेपटी वाळत ठेवलेल्या डब्यात विसरली होती. दोन्ही गाडीवर बसवल्यावर एक डाळिंब, एक कलिंगड. शेपटीला नंतर एक हात दिला, तरी उन्हात बारीक फरक दिसतो. दोन्ही तुकडे एकाच काठीवर टोचून एकत्र रंगवायला हवे होते. यात किटचा दोष नाही.

काचेचंही तसंच. ड्रायव्हरसमोर अंगठ्याच्या नखाएवढी वाकडी काच आहे. किटमधली काच स्वच्छ, पातळ, उत्तम. मी ती सुपरग्लूने चिकटवली. सकाळी बघतो तर आतून दुधाळ वाफ बसलेली. सुपरग्लूची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर अशीच पांढरी बसते, हे मी दुसऱ्यांना दहा वेळा सांगितलेलं आहे. पारदर्शक डब्याच्या झाकणातून दुसरी कापली आणि पांढऱ्या गोंदाने लावली. मूळची काच जास्त चांगली होती.

कॉकपिट मात्र किटने उरकलाय. सीट म्हणजे एक पन्हळ, पट्टे नाहीत, पेडल नाहीत, क्लच आणि गिअरबॉक्सच्या जागी एक गुळगुळीत लंबगोल. मला हे चाललं नाही, कारण या गाड्यांची खरी गोष्ट तिथेच घडलेली आहे. ड्रायव्हरचे पाय मागच्या आसाच्या अंगावरून पुढे, आणि पायांच्या मधे सगळी फिरणारी यंत्रणा. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर गार्लिट्सच्या स्वॅम्प रॅट १३ या गाडीचा गिअरबॉक्स शर्यत सुटताक्षणी फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. बरा होताना त्याने इंजिन ड्रायव्हरच्या मागे नेणारी गाडी आखली आणि १९७१ च्या पोमोनाच्या विंटरनॅशनल्स शर्यतीत ती जिंकवून दाखवली. पुढच्या काही वर्षांत पुढे इंजिन असलेल्या रेल मागे पडल्या. तो गिअरबॉक्स मॉडेलमध्ये लंबगोल कसा ठेवायचा? मी प्लास्टिकच्या चकत्या चढवून बेलहाउसिंगची, म्हणजे क्लचवरच्या कवचाची, कड केली, कडेने सुईच्या टोकाएवढे बोल्ट लावले, स्प्रू मेणबत्तीवर तापवून ताणला आणि त्याचा क्लचचा दांडा केला. पट्टे फॉइलचे, बकलं त्याच ३३ गेजची. वरून बघितलं तर यातलं अर्धंही दिसत नाही. मागून, रोल बारच्या खालून बघितलं तर दिसतं.

छत्रीची पिशवी प्लास्टिकची ढेकूळ आहे, फेकून द्या. पातळ कागद पांढऱ्या गोंदाच्या पाण्यात भिजवून दुमडला की झालं. डिकल नीट छापलेली, वक्र भागावर डिकल मऊ करणारं मायक्रो सॉल लावलं की रंगवल्यासारखी बसतात. सूचनापटात चित्रं मोठी आहेत पण स्टीअरिंगचा दांडा नेमका कुठे टेकतो ते चित्राच्या घडीत गेलंय. तो डावीकडून, इंजिनाच्या बाहेरून पुढे जातो. एक्झॉस्ट चिकटवायच्या आधी बसवा, नंतर हात जात नाही.

गुण द्यायचे तर इंजिनाला पाचपैकी साडेचार, सांगाड्याला अडीच, कॉकपिटला दीड. क्रोमला गुण देत नाही. पहिलंच किट करणाऱ्याने हे घेऊ नये. दोन-चार बॉडीवाल्या गाड्या करून हात बसला असेल, तर यात शिकण्यासारखं भरपूर आहे. तयार वायरींचा संच घेणार असाल तर घेण्याआधी वायरीची जाडी विचारा. विकणारा ०.३ च्या खालचा आकडा सांगत नसेल तर नुसती मॅग्नेटो घ्या आणि तार ओळखीच्या वाइंडिंगवाल्याकडून मागा. हातभर तार कुणीही देईल.

मी दुसरा डबा मागवलाय. सांगाडा या वेळी पितळी. मुलगी म्हणते टाकी आणि पुढची चाकं तिची, आणि मॅग्नेटोच्या क्रमाचा कागद तिने आधीच टेबलाच्या फळीला चिकटवून ठेवलाय, १-८-४-३-६-५-७-२, खाली दोन रेघा मारून.